ट्रक तिथंच थांबला

"हॅलो? … हॅलो, जया? … अगं मी, आये! … मोठ्यानं बोल, गिरण चालू हाय!"

माले गावात फोन तसे दोन-तीनच. गोजराबाईला हक्कानं जाता येईल असा एकच, कुशाबाच्या पिठाच्या गिरणीतला. तिची लेक जया कुवेतच्या दवाखान्यात नर्स होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिचा फोन यायचा आणि गोजराबाई सकाळपासून पोत्यावर बसून राहायची. आता तिनं एका हातानं रिसीव्हर कानाला दाबला होता आणि दुसऱ्या हातानं दुसरा कान.

"जय भीम, जय भीम… व्हय, जेवले. … अगं ऐक ना. तुझी ती सायकल पोचली. … पंधरा दिस झाले की. … व्हय, टीव्ही पन. न्हाई, फुटलं न्हाई काय. पौडावरनं सोपान आला व्हता, रेडिओ दुरुस्त करतो त्यो. एक वायर सायकलीला, एक त्या कॅसेटच्या पेटीला… मला काय कळतंय? त्यालाबी कळत नव्हतं, पुस्तक उलटं धरून वाचत व्हता!"

"कोन, आबा? … बसतात की. रोज बसतात. … तेच तर सांगायचंय. पन तू आदी मला एक सांग. तितल्या लोकान्ला आमी दिसतो का? … टीव्हीतल्या, टीव्हीतल्या! … हसतीस काय? अगं, आबांनी पायडल मारलं की रस्ता पुढं सरकतो. जोरात मारलं की जोरात. थांबले की समदं थांबतंय, झाडंबी हलत न्हाईत. दिसल्याबिगर कसं थांबतील? एक बाई पोर कडेवर घिऊन पाक धा मिंटं उभी व्हती. शेवटी मीच म्हनलं, अवो, मारा पायडल, जाऊ द्या तिला घरी."

दळणाला आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. गोजराबाईला हसू आलं नाही. पंधरा दिवस तिच्या घरात काय चाललंय, हेच तिला उमगत नव्हतं.

तिचा नवरा दामू, जयाचे आबा, म्हणजे चोवीस वर्षं सायकलवरून वाडीवस्तीला टपाल वाटलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या वळणावर ट्रकनं त्याला उडवलं. पायाचं मोडलेलं हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण पाय भुईला टेकवायचा म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. पाय बरा आहे, भीती तेवढी निघत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रस्त्यानं ट्रक गेला की दामू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. म्हणून जयानं तिच्या दवाखान्यानं काढून टाकलेलं, पाय मोडलेल्यांना जागच्या जागी पायडल मारत रस्ता दाखवणारं हे सायकल-टीव्हीचं यंत्र गावाकडे येणाऱ्या कुणासोबत धाडून दिलं होतं.

"पयल्या दिवशी काय झालं म्हायतेय का? … ऐक तरी! समोरनं ट्रक आला. … टीव्हीत गं! लाल, ह्यो एवढा. तितं गाड्या उजव्या अंगानं चालतात व्हय? … मंग आदी सांगायचं न्हाई का? आबा वरडले, 'अगं, मी उलट्या बाजूला हाय!' आन् पाय थांबला. … व्हय. ट्रकबी थांबला. तितंच."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तसंच बगत बसले त्येच्याकडं. … लई येळ. भाकरी गार झाली. अंगावर घामाच्या धारा. मी म्हनलं, उतरा, बंद करते. तर हातानंच गप केलं मला. मंग अर्दं पायडल मारलं. ट्रक येवढुसा पुढं आला. परत थांबले. परत अर्दं… असं करत करत त्यो ट्रक त्यांनी शेजारनं जाऊ दिला. … आन् मंग काय म्हनाले? कॅसेट मागं घे. त्यो ट्रक परत आन."

"परत, व्हय! … पाच-पाच येळा, जया! रोज! ट्रकाची कुनाला हौस असती का गं? पयल्यांदा त्येला शिव्या तरी घालायचे. आता नुसतं बगतात आन् जाऊ देतात. मला कायच कळंना. डोक्याला मार लागला व्हता, त्याचं तर काय… हॅलो? जया? … अगं बोल की. … रडतीस? मी काय वंगाळ बोलले का?"

गिरणीचा पट्टा खडखडत होता. गोजराबाई फोनवर आणखी वाकली.

"काय? … कागद? कसला कागद? … मोठ्यानं! … दोन वर्सं तितंच ऱ्हायचं… ऑपरेशनच्या खोलीतलं शिक्षान. बरं. … आजच सांगायचं? … आन् सही न्हाई केली तर? … हिकडं येनार? कायमची? … आबांसाठी?"

लेकीनं यावं असं तिला कितीदा वाटलं होतं. आता पोरगी स्वतःहून येते म्हणत होती, तर तिच्या तोंडून 'ये' निघेना.

तेवढ्यात लाइट गेली. पट्टा फडफडत मंदावला आणि गिरण गप झाली. एकदम इतकं शांत झालं, की जयाचा हुंदका तिला जवळ बसल्यासारखा ऐकू आला.

"लाइट गेली हितं… आता नीट ऐकू येतंय. … जया, खोटं कशाला बोलू? पाय हलतोय, पन सायकलीवर बसवाय मी आन् शेजारची रत्नाबाई, दोगी लागतो; आज मी हितं, तर तिचा मालक लागला. परसात जायचं तर माजा खांदा लागतो. बरे झाले म्हनून कसं सांगू? … न्हाई. … ये बी म्हनवंना, नको बी म्हनवंना. … मला नको इचारू गं."

त्याच त्या बोलण्यात पाव तास गेला, तरी 'ये' की 'नको' ठरेना.

"जया, थांब. थांब जरा…"

दारातल्या बायका बाजूला झाल्या होत्या. उंबऱ्यात दामू उभा होता. हातात काठी, सदरा घामानं ओला, एकाच पायात चप्पल. मागे रत्नाबाई छातीला हात लावून धापा टाकत होती. दामूचं घर पौडच्या रस्त्याच्या पलीकडे होतं.

त्यानं काठी पोत्याला टेकवली आणि गोजराबाईच्या हातून रिसीव्हर घेतला.

"हॅलो, जया? … व्हय, आबा. … अगं, लाइट गेली, टीव्हीत बराबर पुलाच्या मधी! खाली पानी दिसत व्हतं. म्हनलं, फोन कट व्हायच्या आदी तुला इचारावं, पुलाच्या पल्याड काय हाय? … तूबी न्हाई बगितलं? … आं? … चालत आलो. काटी हाय की. … व्हय, एक ट्रक आला रस्त्याला. … काय करनार? थांबलो. जाऊ दिला. … अगं, रडतीस कशापायी?"

तो पोत्यावर टेकला आणि त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कसला कागद? … दोन वर्सं? … मंग मला काय इचारतीस? कर सही. … माज्यासाठी काय यायचं न्हाई. … अगं, कर म्हनतो ना! … आन् हे बग, दुसरी कॅसेट असंल तर… हॅलो? … हॅलो, जया?"

फोन कट झाला होता. दामूनं रिसीव्हर जपून जागेवर ठेवला. गोजराबाई अजून त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडेच बघत होती.

"अवो, पन तुमी… आलात कसं?"

"चालत," दामू काठी शोधत म्हणाला. "ती सायकल कुटं हलती जागची?"