डोहातली बिऱ्हाडं

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई मनगटाचं प्लास्टर काढून घ्यायला आल्या होत्या. शेजारच्या बाकावर कुबड्या घेतलेली एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बोलत होते. कानांना झाकण नसतं, त्यामुळे बाईंना सगळं ऐकू येत होतं.

“ताई, डॉक्टर नको म्हणाले तर जंगलात जायचं नाही.”

“मग ओढ्याकडे कोण बघणार?”

“मासे कुठे पळून चाललेत?”

“तेच तर बघायचंय. डोहात आडवं पडलेलं झाड पुरात वाहून गेलं. त्याच्या आडोशाला राहणारे आता जातील कुठे?”

“खालच्या उथळ खळखळाटात.”

“तिथे दगडाला चिकटून राहणाऱ्यांचं राज्य. डोहातल्यांना ती धार सोसत नाही.”

“मग काठच्या पाण्यातल्या कुजक्या पानांत जातील.”

“तिथेही आधीची बिऱ्हाडं आहेतच. घेतील का यांना सामावून? इतकी वर्षं या माशांच्या नोंदी ठेवतेय, आणि नेमकी आत्ता घरात बसू?”

“पाणी किती असतं?”

“खळखळाटात घोट्याएवढं. डोहात गळ्याएवढं.”

“घोट्याएवढ्यातले मी बघतो. तू काठावर बसून सांग.”

“मला डोहातले हवेत रे. घर त्यांचं गेलंय. आणि तू तर लहानपणी बादलीलाही भ्यायचास.”

“अजून भितो.”

“मग?”

“पोहायला शिकायला किती दिवस लागतात?”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला खुणेनंच पुढे जायला सांगितलं.