मागची दोन हँडलं

नाहीतच हो! हँडलंच नाहीत! मागे हात लावून बघितलं, वाकून बघितलं, खोक्यात कागदाच्या गोळ्यांखाली राहिली असतील म्हणून अख्खं खोकं उलटं केलं... नाहीत म्हणजे नाहीत! तुम्हाला सांगते, आठ वर्षं मी लेकीची खुर्ची ढकलतेय, तीन वर्षांची असल्यापासून, आता ती अकराची आहे. या आठ वर्षांत चार खुर्च्या झाल्या, एकीचं चाक कुरकुरायचं, एकीची पाय ठेवायची फळी निखळायची, एक तर डावीकडेच ओढायची, पण हँडलं? हँडलं सगळ्यांना होती! चाकाची खुर्ची म्हटलं की मागे दोन हँडलं, आणि हँडलं म्हटलं की ती धरून मी. आणि ही खेळायची खुर्ची आली ती मागून अशी बोडकी!

खुर्ची जुळवून द्यायला मिस्त्री आला होता, त्याला म्हटलं, "दादा, हँडलं लावायची राहिली." तो म्हणतो कसा, "राहिली नाहीत ताई, नसतातच." म्हटलं, "नसतात? मग ढकलायचं कसं?" "ढकलायचं नसतं." एवढं बोलला आणि पाना खिशात घातला. म्हणजे बघा, आठ वर्षांच्या कामावरून मला एका वाक्यात काढून टाकलं, आणि वर कागदावर सही घेतली ती माझीच! लेक काय करत होती? फिदीफिदी हसत होती!

बरं, हँडलं नाहीत तर नाहीत, ब्रेकसुद्धा नाहीत! चाकं बघाल तर वरून आत, खालून बाहेर, फेंगडी! "दादा, चाकं वाटेत वाकली हो." "वाकली नाहीत, तशीच असतात, गर्रकन वळायला." मागे एवढंसं एक पाचवं चाक. "हे मागे कलंडू नये म्हणून." "आणि बाजूला कलंडली तर?" "बाजूला कलंडतातच, ताई." आज ऊन पडलंय म्हणावं, इतक्या सहज! माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, सातवीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला. हवा किती भरायची, पट्टे किती आवळायचे, सगळं होतं. आईनं कुठे उभं राहायचं, ते एकाही पानावर नाही! मग मला सांगा, या हातांचं मी करायचं काय?

तुम्हाला वाटेल, सुटली की बाई, कुरकुर कसली करतेय. आमचे हेसुद्धा तेच म्हणाले. हे गोदामात रात्रपाळीला. सकाळी हे येतात तेव्हा आम्ही मायलेकी शाळेला निघालेल्या, मी परत येते तेव्हा हे घोरत असतात. आमचा संसार म्हणजे उंबऱ्यावर किल्ली या हातातून त्या हातात, बस्स. त्या उंबऱ्यावरच म्हणाले, "बरं झालं, तुझी पाठ वाचली." अहो, पाठीचं कोण बोलतंय! माझं दिवसभराचं बोलणं कुणाशी? लेकीच्या डोक्याच्या मागच्या बाजूशी! तिचं तोंड जग बघतं, मी बघते तो भांग आणि दोन वेण्या. पण त्यावरून सगळं कळतं मला. कान लाल झाले म्हणजे राग आलाय, मान डावीकडे कलली म्हणजे कुठेतरी मांजर दिसलंय. आणि हसली ना, तर खुर्ची अशी बारीक थरथरते, माझ्या तळव्यांना आधी कळतं, कानांना मागून. शिवाय हँडलं धरलेल्या बाईला लोक वाट देतात, दार धरून ठेवतात, "किती वर्षांची?" म्हणून विचारतात. मी नुसतीच रस्त्यात उभी राहिले तर मला कुणी किती वाजले तरी विचारेल का? सांगा ना!

तर सराव सुरू झाला. मोठा हॉल, लाकडी जमीन, दहा-बारा पोरी, सगळ्या अशाच फेंगड्या खुर्च्यांवर, आणि मध्ये चेंडू. बास्केटबॉल. कोचबाई स्वतः खुर्चीवर, आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ घाबरून पाच मिनिटं पुढे जाईल. दोन आठवड्यांत माझ्या पोरीचं नाव पडलं भिंगरी. मी आठ वर्षं छकुली म्हणतेय, तर हल्ली मागे वळून बघत नाही. तिकडून कुणी "भिंगरीऽऽ" म्हटलं की लगेच गर्रकन!

आणि मग झालं ते ऐका. एका दांडगट पोरीची खुर्ची येऊन हिच्या खुर्चीवर धाडकन आदळली, आणि माझी लेक खुर्चीसकट आडवी! पट्ट्यांनी बांधलेली, वरचं चाक फिरतंय, उलट्या कासवासारखी! तुम्ही काय केलं असतं? मी पळाले! चपला काढून या, अशी दारावर पाटी आहे, मी चपलांसकट पळाले, हातात पाण्याची बाटली, तिचं झाकण उघडं, मागे पाण्याची धार, कोचबाई ओरडतायत, "थांबा! तिला उठू द्या! आपलं आपण उठायचं असतं!" ऐकतंय कोण? पोचले, वाकले, सवयीनं दोन्ही हात हँडलांना घातले... आणि हँडलं कुठायत? हवा! हवेला धरून माणूस किती वेळ उभं राहणार हो? पडले की सपशेल, लेकीच्या शेजारी!

आता दोघी आडव्या. शिट्टी वाजली, खेळ थांबला, दोन माणसं फडकी घेऊन जमीन पुसायला धावली. लेकीचं तोंड माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. कितीतरी दिवसांनी आम्ही अशा समोरासमोर होतो. मला वाटलं, आता रडेल. ती हळूच म्हणते, "आई, ऊठ ना. सगळे बघतायत."

बघत होतेच. आठ वर्षं लोक आमच्याकडे बघतायत, मी समजायचे तिच्याकडे बघतायत. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या सगळे फक्त माझ्याकडे बघत होते.

कोचबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही बाहेर बसा." मी लेकीकडे बघितलं, म्हटलं ही काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "थोडेच दिवस, आई."

थोडेच दिवस म्हणजे पाच आठवडे! बाहेर व्हरांड्यात बाक, बाकावर मी, शेजारी लेकीची रोजची खुर्ची, हँडलवाली, रिकामी. दाराला काच आहे, पण इतकी उंच की टाचा उचलल्या तरी नुसती जाळी दिसते. चेंडू जाळीतून पडला ते कळतं, कुणी टाकला ते कळत नाही. मी आपली प्रत्येक वेळी समजायचे, आमचीच. सफाईवाल्या मावशी यायच्या, म्हणायच्या, "पाय वर घ्या." दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर तेवढंच. मी पाय वर घ्यायचे. पायांची सोय झाली हो, पण या हातांचं मी करायचं काय?

मग पहिला खरा सामना ठरला, दुसऱ्या संघाशी. मी घरी विषय काढला. आढेवेढे घेत हं, स्वतःच्या पोरीपुढे! "मी आत बसू का गं?" ती विचारात पडली. अगदी साहेब पडतात तशी. म्हणाली, "बस. पण हात मांडीखाली घेऊन बसायचं. शेवटपर्यंत."

"आणि तू पडलीस तर?"

"तरी."

"लागलं तर?"

"कोचबाई आहेत ना."

"आणि मी हात काढले तर?"

"तर पुढच्या सामन्याला बाहेर."

मी म्हटलं, "आई तू आहेस की मी?" तर म्हणते, "तू आहेस. म्हणूनच सांगतेय!"

मग मी सराव केला. हसू नका! स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली. लेक फडताळातला वरचा डबा काठीनं पुढे ओढतेय, डबा डुगडुगतोय, मी हातांवर. मांडीवर पाण्याचा पेला ठेवून उंबऱ्यावरून खुर्ची उडवतेय, मी हातांवर. एका सकाळी ती मला न घेता शाळेच्या गाडीनं गेली, तरी मी तशीच बसलेली. हे आले. म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "सराव करतेय." "कसला?" "काही न करण्याचा." "बरं," म्हणाले, आणि झोपायला गेले. जमतंय का म्हणून तरी विचारावं!

सामन्याला हॉल गच्च भरलेला. मी कडेची जागा धरली, बसले हातांवर. शेजारच्या बाईंनी सरकून घेतलं, मी मानेनंच आभार मानले. खेळ सुरू झाला आणि तुम्हाला सांगते, मी माझी लेक पहिल्यांदा समोरून बघितली. खेळताना जीभ बाहेर काढते ती! डाव्या कोपऱ्यातून! कधीपासून काढते? मला माहीतच नाही!

आणि मग पडली. तशीच, धाडकन, आडवी. चाक फिरतंय. मी उठले का? नाही! बुडाखाली अंगठे गेले, हातांना मुंग्या आल्या, मी मनात म्हणतेय ऊठ, ऊठ, ऊठ... तिनं एक हात जमिनीला टेकवला. खुर्ची अर्धी उठली, परत आपटली. एक मुलगी मदतीला आली, तिला हिनं मानेनंच नको म्हटलं. परत हात टेकवला, दात आवळले, एक हिसका दिला... आणि उभी झाली की खुर्ची! चारी चाकांवर, पाचव्यासकट! आणि पहिल्यांदा बघितलं कुठे, तर माझ्याकडे. तोंडाकडे नाही हं. हातांकडे! आहेत ना खाली, ते बघितलं आणि गेली भिंगरीसारखी.

टाळ्यांनी हॉल दणाणला. सगळे वाजवतायत, कोचबाई वाजवतायत, समोरचा संघ वाजवतोय. मी? माझे हात मांडीखाली, आणि काढायचे म्हटले तरी बधिर, कोपरापासून पुढे लाकूड! शेजारच्या बाई टाळ्या वाजवून दमल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं कुणी नाही वाटतं यात?"



हरलो आम्ही, सहा गुणांनी. म्हणजे त्या हरल्या, मी नुसतीच बसले होते. पण लेक आली ती घामानं निथळत, खुशीत. "आई, हात नाही काढलेस! पुढच्या वेळीपण ये." मी म्हटलं, चल, रोजच्या खुर्चीत बस, घरी जाऊ. तर म्हणते, "आम्ही सगळ्या कोचबाईंच्या गाडीतून जाणार. त्या सोडतील मला घरी. ही खुर्ची तेवढी तू ने ना."

नेली. रिकामी खुर्ची ढकलत स्टॉपवर आले. बस थांबली, ड्रायव्हरदादांनी खुर्ची बघून रॅम्प सोडला, स्वतः खाली उतरले. "पेशंट कुठेय?"

"पेशंट नाही, खेळाडू आहे."

"बरं, खेळाडू कुठेय?"

"दुसऱ्या गाडीनं गेली."

"मग रॅम्प कशाला?" म्हणाले, आणि वर गेले. रॅम्पही वर गेला. मी खुर्ची उचलून चढवली, खुर्चीच्या जागेवर नेऊन लावली, आणि आपली उभी राहिले मागे, हँडलं धरून. अर्धी बस रिकामी. हातांतल्या मुंग्या हळूहळू उतरत होत्या. वळणावर खुर्ची जरा कलली, मी गच्च धरली. एक आजोबा बघत होते. म्हणाले, "अहो बाई, बसा की निवांत. रिकामीच आहे ना ती? पडली तर पडली."

म्हटलं, "असू द्या, आजोबा. ही पडली तर मला उचलायची परवानगी आहे."