छातीवरची कडी

सासू: जाणाऱ्याला नवे कपडे कशाला गं? सोड ते.

सून: आई, तुम्ही फक्त त्याचं तोंड माझ्याकडे वळवा. बाकी मी बघते.

सासू: संध्याकाळी गोदामवाला येईल, कुत्र्याला गाडीत घालून राखणीला नेईल, विषय संपला. माझ्या लेकाने ठरवलंय, मी हो म्हटलंय. आता त्या इंजिनच्या अंगावर हे काय चढवतेस?

सून: याला हार्नेस म्हणतात. आणि संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे. ये रे इंजिन. आधी वास घे. घे, घे. शहाणा तो.

सासू: शहाणा? इतक्या वर्षांत तू त्याच्याशी एकच शब्द बोललीस, 'हाड'. तो स्वयंपाकघराच्या दारात दिसला की तू ओट्यावर चढायचीच काय ती बाकी असायचीस.

सून: अजूनही भीती वाटतेच. दात बघा ना केवढे आहेत! पण बिस्कीट दाखवलं की आपणहून डोकं घालतो. हं, गेलं बघा. आता हा पट्टा पोटाखालून घ्यायचा, पुढच्या पायांच्या जरा मागून. फार पुढे आला तर काखेत घासतो त्याच्या.

सासू: घट्ट झालाय.

सून: दोन बोटं घालून बघा. जातात?

सासू: जातात.

सून: मग बरोबर आहे. आणखी सैल ठेवला तर मागे सरकून अख्खा बाहेर निघेल.

सासू: हे तुला कोणी शिकवलं?

सून: जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. इंजिनला घेऊन गेले होते त्यांच्याकडे.

सासू: इंजिनला घेऊन? तू?

सून: सकाळी लवकर कामाला जाते असं सांगत होते ना तुम्हाला? आमचं ड्रायव्हिंग स्कूल एवढ्या सकाळी उघडतसुद्धा नाही. मागे ते रिकामं मैदान आहे, जिथे मी नवशिक्यांना गाडी मागे घ्यायला शिकवते. तिथे आम्ही दोघं चालत होतो. तुमचा लेक उठायच्या आत परत.

सासू: आणि मी समजत होते, सकाळी तोच फिरवून आणतोय. इतकी भीती वाटते तर केलंस कशाला हे सगळं?

सून: तुम्ही खिडकीत बसायला लागलात म्हणून.

सासू: खिडकीत बसू नये का माणसाने?

सून: बसावं. पण तुम्ही दिवसभर बसता. हाताचं प्लास्टर निघालं, तरी फाटकाबाहेर पाऊल नाही. पूर्वी तुमचा आणि इंजिनचा फेरा म्हणजे केवढा! फुलवाली, किराणावाला, कोपऱ्यावरचा सायकलवाला, सगळ्यांची दुखणी ऐकून, सगळ्यांना रागावून घरी यायचात. आता तेच लोक मला थांबवून विचारतात, सिस्टर आजारी आहेत का?

सासू: हॉस्पिटल सोडलं तरी सिस्टरच म्हणतात मेले. काय सांगतेस त्यांना?

सून: सांगते, आजारी नाहीत, घाबरल्यात.

सासू: जीभ फार चालते तुझी.

सून: खोटं आहे?

सासू: नाही. खोटं नाही. त्या मांजरावर हा झेपावला ना, तेव्हा दोरी मी मनगटाला गुंडाळून घेतली होती. सोडायला गेले तर सुटेना. रस्ता असा अंगावर आला. मोडलेली हाडं जन्मभर पाहिली गं, पण दुसऱ्यांची. आता नुसती ती दोरी खुंटीला दिसली तरी हाताला घाम फुटतो.

सून: माझ्याकडच्या बायका एकदा गाडी भिंतीवर घालतात आणि म्हणतात, बस, आता नाही. मी त्यांना तशाच पुन्हा सीटवर बसवते. त्या दिवशी घरी गेल्या की भीती मुरते, मग येतच नाहीत.

सासू: मी काय वेगळं करायचे? ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करायचं. मला शिव्या घालत चालायचे वॉर्डभर.

सून: मग मला घाला शिव्या. पण उठा.

सासू: आणि संध्याकाळी हा गेला की? एवढं करून उपयोग काय?

सून: तुम्हाला द्यायचाय का त्याला, आई? खरं सांगा.

सासू: तो गोदामवाला याला साखळीला बांधणार. मी विचारलं त्याला. म्हणाला, राखणीचा कुत्रा मोकळा कसा ठेवू? अगं, हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत सापडला होता मला हा. मळक्या चादरींच्या ढिगात, एवढासा. चादर उचलली तर चादरच कुंई करायला लागली. नाही. नाही द्यायचा मला.

सून: मग चपला घाला.

(फाटकाबाहेरचा रस्ता. कुत्रा दोघींच्या मधे, दोरी सुनेच्या हातात.)

सून: आता बघा. दोरी पाठीवरच्या कडीला लावायची नाही. ही छातीवर कडी आहे ना, हिला लावायची.

सासू: त्याने काय होतं?

सून: गळपट्ट्याला लावली की तो खोकत खोकत ओढतो. पाठीवर लावली की बैलासारखी छाती लावतो, उलट जोरच येतो त्याला. छातीवरून धरलं तर ओढायला गेला की त्याचं अंगच आपल्याकडे फिरतं. पुढची चाकं वळली की गाडी सरळ कशी जाईल?

सासू: म्हणजे आता ओढणार नाही?

सून: ओढणार. पट्ट्यात काही जादू नाही. ओढलं की आपण थांबायचं. दोरी सैल पडली की चालायचं. गुडघ्याजवळ आला की बिस्कीट. ओढून आपण कुठेच पोचत नाही, हे त्याचं त्याला कळलं पाहिजे.

सासू: असं थांबत थांबत आपण तरी कधी पोचणार?

सून: पहिल्या दिवशी मी मैदानाच्या दारातच राहिले. ट्रक शिकायला लवकर येऊन थांबलेली माणसं चहा पीत बघत बसली होती. एकाने विचारलं, मॅडम, बॅटरी उतरली का?

सासू: बघ बघ, ताणली दोरी.

सून: थांबा. झटका द्यायचा नाही. नुसतं उभं राहायचं. वळला बघा. सैल झाली. चला. आता तुम्ही धरा.

सासू: कोपरा ओलांडला की घेते.

सून: कोपऱ्याच्या आधी घ्यायची.

सासू: तिथेच पडले मी. ते मांजर तिथेच बसतं, सायकलच्या दुकानाच्या पायरीवर.

सून: म्हणूनच.

सासू: तू सून आहेस की जेलर?

सून: दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. घडी करून मुठीत धरा, चांगल्या हातात. अगदीच नाही जमलं तर मूठ उघडली की सुटली पाहिजे. मी शेजारीच आहे.

सासू: घाम आलाय हाताला.

सून: येऊ दे. पुसा आणि धरा.

सासू: हं. धरली. दिसलं बघ ते. मेलं जागासुद्धा बदलत नाही.

सून: इंजिनने पाहिलं का?

सासू: कान उभे केलेत.

सून: बिस्कीट गुडघ्याशी धरा. हाक मारा.

सासू: इंजिन! इंजिन, इकडे बघ. अगं, निघाला! ओढतोय!

सून: थांबा! पाय रोवा. मागे खेचू नका, नुसत्या उभ्या राहा. मी घेऊ का?

सासू: हात लावू नकोस! मी धरलंय. अगं... अगं, फिरला हा! गर्रकन फिरला! माझ्याकडे तोंड करून उभा आहे.

सून: बिस्कीट, बिस्कीट द्या पटकन!

सासू: घे रे माझ्या राजा, घे. आणि ते मांजर बघ. उठलंसुद्धा नाही.

सून: छान. चला, आता पुढे.

सासू: पुढे नाही. मागे फिर. पुन्हा एकदा त्याच्यासमोरून जायचं.

सून: आई, आजच्यापुरतं पुरे झालं.

सासू: एकदा काय, कसंही होतं. मला खात्री हवीय.

मुलगा: आई! हे काय चाललंय? मी ऑफिसातून लवकर आलो तर घराला कुलूप, आणि तू इथे रस्त्यावर? तुझ्या हातात दोरी?

सासू: ती स्कूटर बंद कर आधी. बिचकेल तो.

मुलगा: आणि तू गं? तुला तरी कळायला हवं होतं. हाड नुकतं जुळलंय तिचं.

सून: चांगल्या हातात दोरी आहे. आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारून आणलंय मी त्यांना.

मुलगा: आण ती इकडे. गोदामवाला निघालाय.

सासू: येऊ दे. पाणी देऊ आणि परत पाठवू.

मुलगा: आई, तू हो म्हणाली होतीस.

सासू: म्हणाले होते. आता नाही म्हणतेय.

मुलगा: रस्त्यावरून तुला मी उचललं. चप्पल एकीकडे, चष्मा एकीकडे, हात वाकडा लोंबतोय आणि तू म्हणतेस, मला काही झालेलं नाही! अजून ऑफिसात घरचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उठतो. मला ते पुन्हा बघायचं नाही. बास.

सासू: कळतं रे मला.

मुलगा: नाही कळत.

सासू: हात माझा मोडला होता, बाळा. प्लास्टर तू पायांना घातलंस. दूध मी आणतो, भाजी मी आणतो, तू बस. मीही बसले, तुला दोष नाही देत. बसणं सोपं होतं. पण असंच बसले तर एक दिवस उठताच येणार नाही. असे पेशंट मी खूप पाहिलेत.

मुलगा: मग फिर ना! कुत्र्याशिवाय फिर. कोण अडवतंय?

सासू: याला साखळीला बांधून मी मोकळी फिरू? पाय उचलेल माझा?

मुलगा: तू तरी सांग हिला. तुला तर हा घरात नकोच होता.

सून: पलंगावर अजूनही नकोच आहे. पण आईंना फाटकाबाहेर ओढून काढायला याच्याएवढा जोर आपल्या दोघांत नाही.

मुलगा: एकदा वळला म्हणून दरवेळी वळेल?

सून: नाही. एखाद्या वेळी नाही वळणार. म्हणून काही दिवस मी रोज बरोबर येणार. आणि फारच ताणलं तर दोरी सोडायची, आपण पडायचं नाही. हे आईंकडून कबूल करून घेतलंय.

मुलगा: तुम्ही दोघींनी ठरवूनच टाकलंय म्हणजे.

सासू: तू त्या खांबाशी उभा राहा आणि बघ. मग बोल.

मुलगा: आई...

सासू: बघ म्हटलं ना. चल, इंजिन. जवळ. जवळ राहायचं. ताणलीस? थांबले मी. मला कुठे गाडी गाठायचीय? हं, ये. शाबास. चल.

सून: श्वास घ्या, आई.

सासू: घेतेय. तिकडे नाही बघायचं, इकडे, माझ्याकडे. शहाणा. घे. झालं, गेलो की पुढे!

सून: अरे, तू डोळे मिटलेस?

मुलगा: मधे एकदा.

सून: मग हुकलं तुझं. मांजरासमोर ओढलंच नाही त्याने.

मुलगा: तेवढं दिसलं मला. थांब, फोन वाजतोय. गोदामवालाच आहे. फाटकाशी पोचला असणार. काय सांगू त्याला?

सासू: दे इकडे. हॅलो? हो, मी त्याची आई. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. नाही, कुत्रा द्यायचा नाही आम्हाला. छे, आजारी कुठला, ठणठणीत आहे. मी? मीही ठणठणीत. बरं, ठेवते.

मुलगा: रागावला असेल.

सासू: असेल. मिळेल त्याला दुसरा कुणी. माणूसही ठेवता येतो राखणीला.

मुलगा: बरं, झालं तुमच्या मनासारखं. बस स्कूटरवर, घरी सोडतो.

सासू: आणि हा कुठे बसेल?

मुलगा: मग चालत जाऊ सगळे. मी गाडी ढकलत आणतो.

सासू: तू हो पुढे. आम्ही येतो मागून.

मुलगा: आता आणखी कुठे?

सासू: नाल्यावर नवा पूल झालाय म्हणे. अख्खी गल्ली बघून आली. मीच राहिलेय.