पुड्यावरचा मोर

पेकालोंगान स्टेशनच्या बाकावर सुलास्त्री सेमारांगच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी एक म्हातारा आणि त्याची लेक निंगरुम मांडीवर कागद पसरून हुज्जत घालत होते.

“बाबा, बिस्किटवाल्यांच्या बोधचिन्हात तुमच्या बातिक कापडावरचा अख्खा मोर घेतलाय. त्यांना आवडणारच!”

“पुड्यावर नखाएवढा छापला की मोर नाही, डाग दिसेल. पिसं कमी कर.”

“तुमचीच नक्षी आहे ती! लोक त्या पिसाऱ्यासाठी लांबून यायचे.”

“कापड अंगभर नेसतात गं. हे पुड्याच्या कोपऱ्यात बसायचंय. आण ती पेन्सिल.”

“डॉक्टर हाताला ताण देऊ नका म्हणालेत. अर्धांगाच्या झटक्यातून आत्ता कुठे उठलाय तुम्ही.”

“डॉक्टरांना मोर काढता येतो का? आण म्हणतो ना!”

सुलास्त्रीने मान न वळवता नुसती नजर वळवली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पेन्सिल कागदावर टेकवली.

“हं, बघ. तीन पिसं. बास झाली.”

“कोंबडी वाटतेय.”

“मग मान उंच कर. मोर काय सासरी आल्यासारखा मान खाली घालून बसतो?”

“थांबा... केली. अगंबाई, झाला की मोर! फक्त पिसांच्या रेघा थरथरल्यात, बाबा. गाडीत कॉम्प्युटरवर सरळ करून टाकते.”

“खबरदार हात लावलास तर.”

“अहो, कंपनीवाले विचारतील ना, रेघा अशा का म्हणून!”

“विचारू देत. सांग, आमचा मोर नाचतोय.”