खिंडारातला देव

थांबा मावशी, नारळ फोडू नका — नाही, ओरडत नाहीये, माझा आवाजच असा चिरकतो, मघाशी तुमच्या बांगड्या वाजल्या तरी दचकले ना मी. बसा जरा, इथेच, भिंतीच्या अलीकडे. खिंडारातून आत पाय टाकू नका तेवढं. काका? उत्तमकाका नाहीये, भाईंदरला गेलाय, येईलच एवढ्यात. मी निशिगंधा, त्याची पुतणी. आणि तुम्ही लवूच्या आई, चंपामावशी, बरोबर? झाडांच्या नर्सरीत कामाला जातो तोच ना लवू? मग नीट सांगा मला — पाय सुजलाय म्हणजे किती, घोट्याच्या वर? ताप पण आहे? आणि दवाखान्यात नाही नेलं. का, तर तो चपला घालून ह्या देवाला ओलांडून गेला, देव कोपला, म्हणून हा नारळ. तार लागली असं तो म्हणतो, पण नेमकी त्यालाच का लागली — हो, कळलं मला.

आता कसं सांगू. मावशी, हा दगड ना, बोअरिंगवाल्यांनी टाकून दिलेला आहे. मी ठेवला इथे. होळीनंतर. शेंदूर मी आणला, तेलात मी कालवला, डोळे पत्र्याचे आहेत, फेविक्विकने चिकटवलेत — हसताय? हसू नका ना, खरं सांगतेय. आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात लोक पान खाऊन थुंकायचे, सोसायटीने कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या, थुंकणं बंद. मला वाटलं इथे पण तसंच होईल. तुमच्या पाड्यातली सगळी हायवेला जायला इथूनच जातात, काका चिडायचा, कुत्रा सोडतो म्हणायचा, ‘खासगी जागा, प्रवेश बंद’ बोर्ड लावला त्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला. मग मीच म्हटलं, काका, भांडू नकोस, देव ठेवू, देवाला कोण ओलांडणार? ग्रॅज्युएट आहे ना मी. काका एवढा खूश झाला, मला बिर्याणी खिलवली. आणि झालं काय, तर लोक पाया पडून, फूल वाहून, त्याच्या बाजूने आत जायला लागले. आधी चोरून जायचे, आता दर्शन घेऊन जातात.

तसे गेले तर आमचं काय जात होतं? काही नाही. गवतच आहे आत. पण गवतात — मावशी, गवतात फासे आहेत. जंगलातून रानडुक्कर उतरतं ना इकडे, त्याच्यासाठी. स्कूटरच्या क्लचची वायर असते, ती. शनिवारी काकाचे मित्र येतात, चूल पेटते, मग — शिकारीला बंदी आहे, माहितीये मला, काकालाही माहितीये, म्हणून तर कोणी आत यायला नको असतं. मी म्हणायचे, लोकांना लागू नये म्हणून ठेवला देव, त्यांच्याच भल्यासाठी. फासे काढ, हे नाही म्हटलं एकदाही. ते सोपं होतं खरं तर. म्हणजे, सोपं नव्हतं.

लवू ओरडला ना त्या संध्याकाळी, मी इथे काकाच्या घरातच होते. मला डुक्कर वाटलं. — नाही, नव्हतं वाटलं. माणसाचं ओरडणं कळतं. मी दार लावलं आणि पंखा पाचवर केला. सकाळी जाऊन बघितलं तर वायर तुटलेली, गंजकी, रक्त सुकलेलं, आणि एक चप्पल. चप्पल मी ठेवलीय आत. देते.

शिव्या द्या वाटलं तर.

पण आधी ऐका. गंजक्या तारेने कापलंय, नारळाने उतरणार नाही ते, धनुर्वात झाला तर — आज, आत्ता न्या त्याला सरकारी दवाखान्यात, इंजेक्शन द्यावं लागेल. त्याला भीती आहे ना, कुठे लागलं विचारतील, चोर म्हणतील? सांगा, फासा होता. कोणाचा विचारलं तर माझं नाव सांगा, मी येते, मी सांगेन सगळ्यांसमोर, खरंच — माझ्या हातात काय देताय? नारळ? नको, मावशी, घरी न्या, मला कशाला —

हॉर्न. काकाची गाडी आहे. उठा, उठा ना पटकन, त्या बाजूने —

ओ बाई, काकाने कितीदा सांगायचं गं तुम्हाला? प्रायव्हेट जागा आहे ही. चल, नीघ इथून.

काही नाही काका, कोणीतरी होती पाड्यातली. वाट चुकली म्हणे. नाही, मी नाही ओळखत. हा नारळ ना — हा मीच आणलाय. चटणीला.