महालक्ष्मीचा नवस

परवाचंच सांगतो. आमच्या मनीषाने लिबरल आर्ट्सच्या एका नामांकित कॉलेजात अर्ज केलाय. प्रवेशाचा अंदाज घ्यायला आम्ही तिघं मसोलीला तिच्या सरांकडे गेलो.

सर म्हणाले, “मार्क चांगलेत, निबंधही छान. पण जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. खात्री नाही देता येत.”

पोरीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “घाबरू नकोस, आईने महालक्ष्मीला नवस बोललाय.”

बाहेर येताच मनीषा पुढे जाऊन रिक्षात बसली, तशी बायकोने मला मागे ओढलं. “अहो, मी नवस बोललेय तो पोर इथेच राहावी म्हणून. एवढ्या लांब एकटी कशी राहील? आता मागे घेता येतो का?”

तेवढ्यात रिक्षातून मनीषाने विचारलं, “आई, देवी तुझं ऐकतेच ना गं?”