अग्नीच्या तोंडाशी दिवे

माझा जन्म कृष्णाकाठचा, वडील भिक्षुकी करीत, आणि आठव्या वर्षी मुंज झाल्याबरोबर त्यांनी मला पाठशाळेत घातलं. तेव्हापासून वैश्वदेव केल्यावाचून, म्हणजे शिजल्या अन्नाचा पहिला घास तूप लावून अग्नीला दिल्यावाचून, मी कधी ताटावर बसत नसे. काय सांगू तुम्हाला, अग्नीला तोंडाने फुंकू नये, त्याला ओलांडू नये, एवढं सांभाळण्यातच आयुष्य गेलं. पुढे शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्त झालो, पत्नी निवर्तली, आणि एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या सुमारास श्रीकांतने, माझ्या मुलाने, मला इकडे आणलं. तो डॉक्टर, सून वृंदाही डॉक्टर. केंब्रिजच्या बाहेरचं हे खेडं, इथे गॅस पोचलेला नाही, घरातला कुकर, म्हणजे शेगडी, विजेची, तिला ज्वाळाच नाही. मग घास द्यायचा कुणाला?

परसात, कुंपणाला लागून, लाकडावरचा बॉयलर आहे, लहानशा खोपटाएवढा, पुढे लोखंडी दार. त्यात तापलेलं पाणी नळांतून घरभर फिरतं, खोल्या त्यावरच उबदार राहतात. पहिल्यांदा ते दार उघडून आतला धगधगता अग्नी पाहिला आणि माझे हात आपोआप जुळले. त्याचं काम मी मागूनच घेतलं. मुलगा-सून कामावर निघण्यापूर्वी स्नान करून, भात टाकून, मी घास घेऊन जाई. संध्याकाळी पुन्हा लाकडं घाली. निजण्यापूर्वीची लाकडं तेवढी श्रीकांतकडे.

पण इथला हिवाळा! सकाळी आठपर्यंत अंधार आणि दुपारी चारला पुन्हा अंधार. पायाखाली गोठलेलं गवत, दोन्ही हातांत लाकडं, काखेत टॉर्च. दार उघडलं की ज्वाळेने डोळे दिपत आणि उंबऱ्याशी काय पडलंय ते दिसत नसे. दोनदा घसरलो. श्रीकांतला म्हटलं, अरे, तिथे दिवा लाव. तर वृंदाच मध्ये पडली, कशाला बाबा, नेबर्सच्या बेडरूममध्ये लाईट जाईल, उगाच कम्प्लेंट येईल. श्रीकांत म्हणाला, बघू, समरमध्ये करू. मला नवल वाटलं, एरवी माझ्यासाठी चटकन उठणारी ही मुलं.

शेवटी श्रीकांतने घराच्या भिंतीवर एक मोठा झोत लावला. त्याने सगळं परस उजळलं, पण बॉयलरपुढे उभा राहिलो की माझीच सावली दारावर पडे. आम्हाला लाकडं पुरवणारे गोरे गृहस्थ आले, झोत पाहून हसले, म्हणाले, आजोबा, इथे क्रिकेटची मॅच आहे का? मग त्यांनीच दाराच्या दोन्ही बाजूंना, धग लागणार नाही इतक्या अंतरावर, कमरेएवढ्या खांबांवर दोन दिवे बसवले, वर पत्र्याची झाकणं, म्हणजे उजेड खालीच पडावा आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत जाऊ नये. पायवाट दिसू लागली, सावली गेली.

त्याच संध्याकाळी दार उघडलं. उंबऱ्याच्या आत, जिथे ज्वाळा पोचत नाही, तिथे चंदेरी कागदात गुंडाळलेली हाडं. कोंबडीची. त्यांवर चरबी करपून चिकटलेली, आणि त्या चरबीत माझ्या सकाळच्या घासाची शितं. तिथेच ओकलो. त्या थंडीत गार पाण्याने अंघोळ केली, तरी अंगावरचं ते ओशट काही जाईना.

श्रीकांतला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, बाबा, तुम्ही झोपल्यावर कधीतरी खातो आम्ही, तुम्हाला त्रास नको म्हणून. वृंदा रडत म्हणाली, कचऱ्याचा बिन तुम्हीच बाहेर ठेवता ना, त्यात हाडं दिसली असती, म्हणून बॉयलरमध्ये टाकायचो. तुमचा मान राखायलाच केलं हो! मी म्हटलं, खा बापड्यांनो, घर तुमचं आहे. पण माझा मान राखायला तुम्हाला अग्नीच सापडला का, ज्याच्या तोंडात मी रोज घास घालतो, त्याच्याच तोंडात लपवलंत?

आता या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. ते माझ्यादेखत शिजवतात, वृंदा पिशवी बांधून स्वतः बिनमध्ये टाकते. वास आला की मी शेजारच्या खोलीत जाऊन जपाला बसतो, लपवाछपवीपेक्षा हे बरं. बॉयलर त्यांनी घासूनपुसून स्वच्छ केला, मीही गंगाजळ शिंपडलं. आता घरात नातवंडं आहेत, त्यांना ऊब हवी म्हणून लाकडं मीच घालतो. वृंदा अजून भात झाला की विचारते, बाबा, घास काढून ठेवू का? मी म्हणतो, राहू दे बाळ. ताटाभोवती पाणी फिरवतो, चित्राहुती घालतो, तेवढ्यावर जेवतो. शास्त्राने शुद्धी होते, हे मीच मुलांना शिकवलं. पण त्या दारात घास द्यायचा म्हटलं की हात मागे येतो, त्याला मी काय करू? मुलं वाईट नाहीत हो. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो.